पर हा खाते काय?

बाजारातून आणलेली मरळ
आधी माझी, मग आईची.
वर्तमानपत्रावर पसरून मी तिचे खवले बघते,
कडेचे बारीक, पाठीवरचे रुंद,
कौलांसारखे एकावर एक,
पण कौलं इतकी घट्ट बसत नाहीत.
सहा बी पेन्सिलीनं पोटाचा करडा रंग चढेपर्यंत
मांजर दोनदा येऊन जाते.
आई हळदमीठ घेऊन दारात:
"झालं का वं? का उद्या शिजवू?"

हे सगळं एका प्राण्यासाठी,
जो नाही.
मान सारसाची. मागच्या साली धानाच्या बांधीत
दोन दिसले होते, एकाच बेडकाकडे वाकलेले.
पाय रानडुकराचे.
शेपूट अजून ठरलं नाही.
राहतो आमच्या मामा तलावात,
पाळीच्या आत, तुडुमाजवळ,
जिथं पाणी हिरवं असायचं सोडून देतं.

टॅबलेट सीताबर्डीतून घेतला, वापरलेला.
उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी नखाचा ओरखडा,
तिथं मी नेहमी झाड काढते.
दिवसभर सेतू केंद्रात लोकांचे दाखले छापायचे,
रात्री त्याच बोटांनी खवले.
एक थर रेषांचा, एक सावल्यांचा,
एक नुसता चुकांचा. तो लपवून ठेवते, पुसत नाही.
तशी चूक पुसणं सोपं आहे:
दोन बोटं काचेवर टेकवायची,
ती मागे फिरते, झालीच नव्हती अशी.
परवा कागदावर शाई सांडली
आणि माझी दोन बोटं आपसूक कागदावर टेकली.
मी वाटही पाहिली.

उलटंही होतं.
ब्रशला टोक आणायचं म्हणून ओठांतून फिरवायची सवय,
तर स्टायलसही कितीदा तोंडात गेला.
त्याला चव नाही.
पिवळा पोस्टर कलर कडू असतो, पांढरा खडूसारखा.

तुळशीराम नान्हे सोसायटीच्या कागदांची
झेरॉक्स काढायला आला,
तेव्हा पडद्यावर प्राणी उघडाच होता.
चष्मा नव्हता त्याच्याकडे. टॅबलेट लांब धरला,
मासा वजनाला धरावा तसा.
"कोठचा हा?"
"आपल्या तलावातला."
हसला नाही.
"मंग ओला काहून नाही?"

तीन रात्री मी त्याला ओला करत होते.
चमक टाकली, तर तेल चोपडल्यासारखा.
निळा टाकला, तर कॅलेंडरातला देव.
चौथ्या दिवशी डबा घेऊन तुडुमावर गेले,
त्या गढूळ पाण्यातच रंग कालवला,
जाड कागदावर सोडून दिला
आणि सावलीत वाळू दिला.
कडेला गाळाची रेघ उरली,
शेवाळाचा एक धागा,
कुठल्याशा पाणकिड्याचा पाय.
त्याचा फोटो, खवल्यांच्या खालचा थर,
गडदपणा चाळीस. नाही, पंचवीस.
पोट ओलं झालं.
पाठ कोरडीच राहिली,
पण पाठ उन्हात असते म्हणा.

पुन्हा दाखवला.
अंगठा लागून डोळा एकदम मोठा झाला,
तुळशीरामनं दचकून हात मागे घेतला.
"जमला," म्हणाला,
झेरॉक्स घडी करून खिशात घातली,
आणि उंबऱ्यावरून वळला:
"पर हा खाते काय?"

तोंड मी काढलंच नव्हतं.
मानेच्या पुढं एक रुंद ब्रश फिरवून दिला होता,
धुकं म्हणून.

बॅटरी नऊ टक्के. सात वाजता लाइन जाणार.
उद्या बाजार आहे, या वेळी शिंगी आणीन, मिशांची.
आई ओरडेल, काटा लागते तिचा.
जबडा उघडून बघायला मात्र तीच बरी.
नाहीतर राहू दे जबडा.
मला का कोण जाणे वाटतंय,
तो शिंगाडेच खात असावा, सालासकट,
पहाटे, नान्ह्यांच्या वेलींखाली शिरून,
आणि तुळशीरामला ते
बऱ्याच दिवसांपासून माहीत असावं.